आधी महिना सांगा

आवडती बिअर कोणती, असं कोणी विचारलं की मी आधी महिना विचारतो. समोरच्याला वाटतं, हा टाळतोय. पण मी चोपडा तालुक्यातला. आमच्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. दुपारी बारा ते पाच गावात चिटपाखरू दिसत नाही. आणि त्याच खानदेशात जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर येतो. रात्रीच्या लाइटीवर गव्हाला पाणी भरायला जाणारा माणूस स्वेटरवर घोंगडी, घोंगडीवर पुन्हा मफलर, अशा थाटात बांधावर उकिडवा बसलेला असतो. मेतल्या आणि जानेवारीतल्या माणसाला एकच बिअर आवडेल कशी?

मेचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शौकीन मंडळींना काय हसायचं ते हसून घेता येईल. मे महिन्यात मला आवडते ती आपली साधी लागर. बर्फाच्या पेटीतून काढलेली, घाम फुटलेली, साडेसहाशे मिलीची बाटली. किंगफिशर माइल्ड असली तर उत्तम, नसली तर जी गार असेल ती. राजस्थान-हरियाणाच्या जवाचा माल्ट (मोड काढून वाळवलेले दाणे), त्यात तांदूळ, मका किंवा साखरेची भर, हॉप्स नावाच्या वेलफुलांचा कडवटपणा नावाला. पुण्यातले मित्र म्हणतात, या बिअरला चवच नसते. मान्य. मेच्या संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून, वाफा निघून गेल्यावर खाट टाकून बसलेल्या माणसाला चव नको असते, गारवा हवा असतो. सोबत शेंगदाणे, कांदा, वर लिंबू. बस.

खानदेशात खपते मात्र स्ट्राँग. हमरस्त्याने धरणगावहून चोपड्याला या, नाहीतर शिरपूरहून शहाद्याला जा, गावागणिक ‘बिअर शॉपी’ची पाटी दिसेल आणि पाटीच्या मागे भिंतीला टेकून उभ्याउभ्या बाटली संपवणारे दोघे-तिघे दिसतील. आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, गोडसर, जड, घशाखाली जाताना किंचित जाळणारी. तिचा हिशेब सरळ आहे: इतक्या रुपयांत इतकी किक. त्या हिशेबात चूक काही नाही, पण त्याला बिअर पिणं म्हणायला माझी जीभ धजत नाही. गार असेपर्यंत ती कशीतरी जाते. कोमट झाली की तिचं खरं रूप कळतं.

गंमत म्हणजे उन्हाळ्याचं पेय म्हणून आपण जिच्याकडे बघतो, ती लागर मुळात हिवाळ्यातली. तिचं यीस्ट, म्हणजे आंबवणारे सूक्ष्मजीव, आठ ते बारा अंशांत संथपणे काम करतं, आणि नंतर शून्याच्या आसपास काही आठवडे तिला नुसतं पडून राहावं लागतं. यंत्राने गारवा करता येत नव्हता तेव्हा उन्हाळ्यात केलेली बिअर हमखास आंबट व्हायची. म्हणून १५५३मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकने फर्मानच काढलं की बिअर करायची ती २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच, पुढे भट्ट्या बंद. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून तळघरात नदी-तळ्यातला बर्फ भरून ठेवायची, तळघरावर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावायची, आणि त्याच झाडांखाली बाकं टाकून लोकांना पाजायची. म्युनिकच्या बिअर गार्डनचा जन्म असा उन्हाळ्याच्या भीतीतून झाला.

पुढे १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने शीतकरणाचं यंत्र केलं, आणि त्याच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत म्युनिकचे बिअरवाले होते. बिअर थंड ठेवायची म्हणून त्यांनी पैसा लावला. आज रावेर-सावद्याहून केळी कंटेनरमध्ये तेरा-चौदा अंशांवर बसून आखाती देशांत जातात. त्या थंड कंटेनरच्या वंशावळीत मागे मागे गेलं तर कुठेतरी बिअरचं तळघर लागतं. आमच्याकडच्या केळी बागायतदारांनी बिअरला नाकं मुरडण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

केळ्यावरून आठवलं. खरं तर बिअरचा आणि माझा संबंध केळ्यामुळेच जुळला.

कामानिमित्त काही वर्षं मी इंगोलश्टाटला होतो. डॅन्यूबच्या काठचं गाव, म्युनिकच्या उत्तरेला. १५१६ साली बिअरमध्ये फक्त जव, हॉप्स आणि पाणी असावं, असा जो प्रसिद्ध कायदा झाला, तो याच गावात जाहीर झाला. गावाच्या पूर्वेला-दक्षिणेला हालरटाऊ नावाचा पट्टा पसरलाय, जगातला सगळ्यात मोठा हॉप्सचा मुलूख. सात-सात मीटर उंच खांब, तारा, आणि त्यांवर चढलेले हिरवे वेल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सायकलवरून गेलं तर हवेत एक कडवट, चिकट, रानटी वास. तिथे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी माझ्यासमोर उंच, कमरेत बारीक असा अर्ध्या लिटरचा ग्लास ठेवला. गढूळ, पिवळसर, वर चार बोटं फेस. गव्हाची बिअर. मी नाक आत घातलं आणि थेट घरच्या बागेत पोचलो. पिकलेल्या केळ्याचा वास! लोंगर कापून खोलीत भट्टी लावली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दार उघडल्यावर जो अंगावर येतो, तोच.

केळ्याचा एक कणही त्यात नव्हता. आयसोअमाइल अॅसिटेट नावाचं एक एस्टर, म्हणजे वास देणारं द्रव्य, असतं. पिकलेल्या केळ्याचा वास प्रामुख्याने त्याचाच, आणि गव्हाच्या बिअरचं यीस्ट आंबवताना नेमकं तेच तयार करतं. सोबत लवंगेसारखा वास येणारं दुसरं एक द्रव्यही करतं. म्हणजे हा भास नव्हे. माझ्या नाकाने चोपडा तालुका ओळखला तो रसायनशास्त्राला धरूनच ओळखला.

पुढे पुण्यात या गोष्टीला माझ्या काकांनी, नानांनी, स्वतंत्र दुजोरा दिला. नाना माळकरी. मुक्ताईनगरची वारी चुकवत नाहीत, दारूचा थेंब कधी घेतला नाही. काकूंच्या तपासणीसाठी पुण्याला आले होते, आणि संध्याकाळी आम्ही भावंडांनी त्यांना जेवायला म्हणून जिथे नेलं, तिथे बिअर जागेवरच तयार होत होती. (पुण्यात २००९मध्ये डूलाली सुरू झाली, आणि त्यानंतर अशा जागांची तिकडे कमी राहिली नाही.) नानांना ते काही सांगितलं नव्हतं. काचेमागच्या स्टीलच्या टाक्या बघून त्यांना ती दूध डेअरी वाटली. त्यांच्यासाठी लिंबू सरबत मागवलं, माझ्यासाठी गव्हाची बिअर. ग्लास टेबलावर आला तशी त्यांची मान वळली. चाळीस वर्षं केळी पिकवलेला माणूस. ग्लास उचलला नाही, नुसतं पुढे झुकून हुंगलं.

“येमा केय टाकेल शे का रे भाऊ?”

“नही नाना. गहू शे, जव शे.”

“मंग वास कथाईन येस?”

मी यीस्टचं सांगायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं, पुन्हा एकदा हुंगलं आणि निकाल दिला: “हाई ते पिकी गयेल केयाना वास शे. दोन दिन जास्त व्हयी गयात.” आणि सरबताकडे वळले. आचारी म्हणा, ब्रूअर म्हणा, तो तिथेच उभा होता. त्याला मी भाषांतर करून सांगितलं. त्याने मान्य केलं की या खेपेला टाकी जरा गरम राहिली होती.

हे गरम राहणं म्हणजेच सगळं शास्त्र आहे, आणि ते मी शिकलो इंगोलश्टाटच्या एका तळघरात. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहायचे. कारखान्यात जन्म काढलेले, बायको वारलेली, हात सतत कशात तरी गुंतलेले. तळघरातल्या धुलाई यंत्रांच्या शेजारी त्यांचा संसार होता: तीस लिटरचं स्टीलचं पातेलं, तांब्याच्या नळीचं वेटोळं, थर्मामीटर, हायड्रोमीटर, उघडझाप करता येणाऱ्या चिनी मातीच्या बुचाच्या बाटल्या. माझ्या वेळी तिथे एका घराला वर्षाला २०० लिटर बिअर स्वतःपुरती करमाफ होती, फक्त आधी कस्टम्स कचेरीला कळवावं लागायचं. आजोबांनी ते पत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून भिंतीला लावलं होतं, आपल्याकडे दुकानात गुमास्ता परवाना लावतात तसं.

कृती ऐकायला सोपी. मोड आणून वाळवलेलं धान्य म्हणजे माल्ट. गव्हाच्या बिअरला निम्म्याहून जास्त माल्ट गव्हाचा, उरलेला जवाचा. तो जाडसर भरडायचा. कोमट पाण्यात कालवून पंचेचाळीस अंशांवर थोडा वेळ ठेवला की लवंगेच्या वासाची बेगमी होते. मग हळूहळू तापमान त्रेसष्ट-पासष्टवर नेऊन तासभर धरून ठेवायचं. मोड येताना दाण्यात जी विकरं तयार झालेली असतात, ती या तासाभरात पिठाची साखर करतात. झाली की नाही हे बघायला आजोबा पांढऱ्या बशीवर थेंबभर रस घेऊन त्यावर आयोडीन टाकायचे. शाळेत बटाट्यावर टाकलेलं आठवतंय ना? निळंकाळं झालं तर पीठ शिल्लक आहे, रंग पिवळाच राहिला तर काम झालं. तिथे माझ्या तोंडून ‘आठवी ब’ असं निघून गेलं होतं. त्यांना अर्थातच कळलं नाही.

मग गाळणं. चोथ्याचा थरच चाळणीचं काम करतो, म्हणून घाई करायची नाही, ढवळायचं नाही. खाली येतो तो मधाच्या रंगाचा गोड रस. तो तासभर खळखळून उकळायचा, त्यात हॉप्स घालायचे, गव्हाच्या बिअरला अगदी थोडे. उकळल्याशिवाय हॉप्सचा कडवटपणा रसात उतरत नाही. नंतर तांब्याच्या वेटोळ्यातून गार पाणी सोडून रस पटकन निववायचा आणि यीस्ट घालायचं. हायड्रोमीटरने घनता बघायची: सुरुवातीला १.०५०, आठवड्या-दीड आठवड्याने १.०१२ आली की साधारण पाच टक्क्यांची बिअर झाली. बाटलीत भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर. उरलंसुरलं यीस्ट ती खाऊन बाटलीत वायू भरतं.

या सगळ्यात खरं भांडण व्हायचं ते यीस्ट घातल्यावर. पिंप कुठे ठेवायचं? आजोबा म्हणायचे जिन्याखाली, सतरा-अठरा अंशांत. त्यांना लवंग हवी असायची. त्यांच्या मते लवंगेची बिअर म्हणजे घरंदाज, केळ्याची म्हणजे पोरकट. मला केळं हवं असायचं. यीस्ट बावीसच्या आसपास गेलं की केळ्याचा वास जोर धरतो, म्हणून माझा डोळा बॉयलरच्या खोलीवर. शेवटी रस दोन पिंपांत विभागला. तेच धान्य, तेच पाणी, तेच हॉप्स, तेच यीस्ट, एक पिंप जिन्याखाली आणि एक बॉयलरजवळ. दोन आठवड्यांनी शेजारी शेजारी ग्लास मांडले तेव्हा दोन वेगळ्या बिअर होत्या. त्या दिवसापासून, बिअर माणूस करत नाही, हवामान करतं, हे माझं मत पक्कं झालं. माणूस पिंप कुठे ठेवायचं एवढंच ठरवतो.

१५१६च्या कायद्यात यीस्टचं नाव नाही, कारण ते असतं हेच तेव्हा माहीत नव्हतं. आधीच्या पिंपाचा गाळ पुढच्यात घातला की काम होतं, एवढं माहीत होतं. यीस्टचं काम पाश्चरने एकोणिसाव्या शतकात उलगडलं, आणि १८८३मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल हान्सेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. तोवर शतकानुशतकं लोक बिअर पीत होतेच. आमच्या घरीही बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ज्वारी तीन दिवस भिजत पडलेली असते, रोज पाणी बदललं जातं, आणि आंबट वास ‘बरोबर’ आला की आई म्हणते, चला, दळायला घ्या. तिलाही जिवाणूंची नावं ठाऊक नाहीत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीच्या त्या दिवसांत अंगणात मोठ्या पातेल्यात त्या पिठाचा घाटा रटरटत असतो, लसूण-तीळ-मिरचीचा वास सुटलेला असतो, आणि आम्ही वाटीत गरम घाट्यावर कच्चं तेल घेऊन बसलेले असतो. आंबवण्याच्या बाबतीत खानदेशी बाईला कोणी बव्हेरियन काही शिकवू शकेल असं मला वाटत नाही.

आता जानेवारी. जानेवारीत मला काळपट बिअर आवडते, म्युनिकची डुंकेल. भाजक्या पावाच्या कडेसारखी. ही बिअर काळी का, याचं कारण पाण्यात आहे. म्युनिकचं पाणी जड, चुन्याचं. जड पाण्यात फिकट माल्ट नीट उतरत नाही, गडद माल्टची आम्लता मात्र त्या पाण्याला सांभाळून घेते. उलट चेक मुलखातल्या प्लझेनचं पाणी अतिशय मऊ, म्हणून १८४२मध्ये योसेफ ग्रोल या ब्रूअरला तिथे सोनेरी पिल्सनर साधली, जिची नक्कल आज जगभर, आपल्या बिअर शॉपीतही, विकली जाते. आमच्या बोअरच्या पाण्याने हंड्याला पांढरा थर चढतो, गिझरची कॉइल वर्षभरात जाते. म्हणजे पाण्याच्या न्यायाने आम्ही पिल्सनरवाले नाही, आम्ही काळ्या बिअरचे लोक. पण आमच्याकडे पितात फिकट. असो.

हिवाळ्यातली दुसरी एक बिअर आहे, ती मात्र सगळ्यांना मानवत नाही. बांबेर्ग गावची धुराची बिअर. तिथे माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. पहिल्या घोटाला लोक तोंड वाकडं करतात. मी केलं नाही, कारण डिसेंबरात शेतावर पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतात तेव्हा कपड्यांना, केसांना, दुसऱ्या दिवशीच्या उशीलासुद्धा जो वास राहतो, त्याच्या अगदी शेजारचा हा वास. बामणोदच्या हिरव्या-पांढऱ्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि ही बिअर एका ताटाला आणायची माझी फार इच्छा आहे. पण भरीत पार्टीला माझ्याकडच्या थोरल्यांसमोर बाटली काढणं मला या जन्मी जमायचं नाही.

इथे खानदेशातल्या दारूबद्दल चार शब्द बोलायलाच हवेत. बिअरचं कौतुक करणारे लोक हा भाग गाळतात, ते मला आवडत नाही. गावात देशीने बसलेली घरं मी बघितली आहेत. केळीच्या बागेत मजुरीचे पैसे संध्याकाळी हातात पडले की रस्त्यातच संपवणारे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायका पहाटे निंदायला. म्हणून निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी कौल दिला की गावातलं दुकान बंद करता येतं, या नियमाला माझा पाठिंबाच आहे. ‘बाटली आडवी करा’ म्हणत निघालेल्या बायांच्या मोर्च्यासमोर मी हॉप्सच्या जातींवर बोलू शकत नाही. आणि ही आजची गोष्ट नाही. १९२२-२३च्या सुमारास सुरतेपासून पश्चिम खानदेशच्या आदिवासी पट्ट्यापर्यंत देवीच्या चळवळीचं वारं गेलं. अंगात येणारी देवी सांगायची, दारू सोडा, स्वच्छ राहा. पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीला तळोद्याकडे गुलाम महाराजांच्या आरतीला हजारोंनी माणसं जमायची आणि दारू सोडून जायची. त्याच सातपुड्यात चैत्रात पहाटे मोहाची फुलं वेचतात, वाळवतात, त्यांच्या भाकरीही करतात आणि दारूही. देवाला आधी धार सोडल्याशिवाय तिथे कोणी पीत नाही. एकाच डोंगरात दारू पूजेतही आहे आणि शपथेतही.

कायद्याचं म्हणाल तर १९४९चा दारूबंदी अधिनियम आपल्याकडे अजून लागू आहे. घरी विनापरवाना बिअर करणं गुन्हा आहे, ‘फक्त स्वतःपुरती’ म्हटलं तरी सूट नाही. अमेरिकेत १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि घरची बिअर केंद्राच्या कायद्यातून मोकळी झाली. आज तिथे जो छोट्या ब्रूअरींचा सुळसुळाट आहे, त्यातले कितीतरी जण घरच्या गॅरेजात शिकलेले आहेत. आपल्याकडे गॅरेज आहे, मुलं आहेत, जिज्ञासा आहे, परवानगी नाही. गावठी भट्ट्यांतून माणसं मेलेली असताना सरकारने हात सैल सोडावा असंही मला म्हणवत नाही. वर्षाला ठरावीक लिटर, ऊर्ध्वपातन नाही, विक्री नाही, कचेरीला कळवायचं, एवढं करता येईल असं वाटतं, झालं.

तर परत आल्यावर मी बिअर करत नाही. माल्ट करतो. माल्टला कुठलाच कायदा आडवा येत नाही, नाचणीचं सत्त्व करणाऱ्या प्रत्येक घरात तो होतो.

मी दादरचा करतो. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, तापीकाठच्या काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येणारी, मोत्यासारख्या दाण्याची. हिची भाकरी खाल्लेला माणूस हायब्रीडच्या भाकरीला हात लावत नाही. आफ्रिकेत ज्वारीची बिअर फार जुनी: दक्षिण आफ्रिकेत उम्कोम्बोथी, बुर्किना फासोत डोलो, दोन्ही बायकांच्या हातच्या, आंबूस, दाट. नायजेरियाने १९८८मध्ये जवाची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांनाही ज्वारीवर यावं लागलं आणि जमलं. मग दादरने काय घोडं मारलंय?

ज्वारी रात्रंदिवस भिजवायची, मधे मधे पाणी बदलत. ओल्या पोत्यात पसरून ठेवायची. फेब्रुवारीच्या हवेत तीन-चार दिवसांत मोड वितभर नाही तरी बोटाच्या पेराएवढे येतात. मग गच्चीवर कडक ऊन. वाळल्यावर हाताने चोळून मोड आणि मुळं झाडून टाकायची, आणि ही पायरी गाळायची नाही. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. तेच विष त्या कोंबांत असतं.

खरी अडचण पुढे. ज्वारीचं पीठ शिजायला जव-गव्हापेक्षा जास्त उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत साखर करणारी विकरं मरतात. शिजवलं तर विकरं गेली, विकरं राखली तर पीठ कच्चं. त्यावर तोड अशी: भरडलेला माल्ट कोमट पाण्यात कालवून अर्धा-पाऊण तास निवांत ठेवायचा. वरचं निवळ पाणी हलक्या हाताने काढून ठेवायचं, विकरं त्यात उतरलेली असतात. खालचा लगदा घाट्यासारखा रटरटून शिजवायचा. तो पासष्टपर्यंत निवला की काढून ठेवलेलं पाणी परत त्यात. सुरुवातीला पळी उभी राहील इतका घट्ट गोळा, आणि दहा मिनिटांत हाताखाली तो पातळ व्हायला लागतो, पळी सैल फिरू लागते. आई शेजारी उभी होती. तिने चमच्याने चाखलं, “साखर टाकेल शे का?” विचारलं, आणि साखरेचा डबा उघडून बघून आली.

गाळलेला रस आलं-लिंबू पिळून, गार करून आम्ही पितो. पोरं मागून पितात. इंगोलश्टाटचं यीस्ट मी आणलेलं नाही, पण या रसात काय पडलं तर काय होईल याचा हिशेब डोक्यात चालूच असतो. मे महिन्यासाठी नॉर्वेच्या शेतकऱ्यांचं क्वाइक नावाचं यीस्ट. लाकडाच्या कड्यावर वाळवून पिढ्यान् पिढ्या जपलेलं, बिघडलं तर शेजारच्या वाडीवरून मागून आणलेलं, आणि चाळीस अंशांपर्यंत खुशाल काम करणारं. आमच्या माळवदावरच्या खोलीत ते सुखाने नांदेल. नाहीतर बेल्जियमच्या वालोनियातल्या शेतघरांची सेझों नावाची बिअर, तिच्या यीस्टलाही तिशीची ऊब लागते. फेब्रुवारी-मार्चात गव्हाची, थोडी उबेला ठेवलेली, नानांच्या नाकाला पटेल अशी. आणि धुळ्याकडच्या जानेवारीत, बोअरच्या जड पाण्यातली, काळी लागर, कुठलंही यंत्र न लावता. जवळजवळ सगळं कॅलेंडर भरतं. पावसाळ्याचं अजून सुचलेलं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे चहाच बरा.

मागच्या खेपेला दादरचा ओला चोथा उरला, चांगलं पाटीभर. उकिरड्यावर टाकायच्या आधी नानांना विचारलं. त्यांनी मूठभर घेऊन हुंगला, जिभेवर ठेवला, आणि थोडा म्हशीपुढे टाकला. म्हशीने घमेलं चाटून पुसून स्वच्छ केलं. जर्मनीतही सगळा चोथा गोठ्यांकडेच जातो, असं मी सांगितलं. आजवर बिअरबद्दल मी जे जे बोललो, त्यातलं हे एकच वाक्य नानांनी कान देऊन ऐकलं.

“त्या जर्मनीवाला चोथा काय भाव देतस?” त्यांनी विचारलं. आणि पुढच्या आठवड्यात परत माल्ट करणार असशील तर पाच किलोऐवजी दहा किलो ज्वारी भिजव, दादर मी देतो, असंही सांगून टाकलं.